मुले मोफत, आजी दुप्पट

दिवाळी अंकात हिशेब लिहू नये, असा एक संकेत आहे. ताटात चकली आहे, करंजी आहे, मुलांच्या बोटांना फुलबाज्यांचा वास आहे. अशा वेळी कोणी मास्तर जमाखर्चाची वही उघडून बसला, तर वाचकाने पान उलटावे हेच रास्त. तरीही मी वही उघडणार आहे. कारण ज्या जाहिरातीविषयी मला बोलायचे आहे, ती नेमकी याच दिवसांत घरोघर येऊन पोचते. निळे पाणी, पांढरेशुभ्र जहाज, कठड्याला रेलून हसणारे जोडपे, त्यांच्या पुढे दोन गोंडस मुले, आणि खाली ठळक अक्षरांत : ‘बारा वर्षांखालील मुले मोफत!’

या चित्रात आजी नसते. ती का नसते, हे समजायला मला पंच्याहत्तर हजार नऊशे शहात्तर रुपये खर्च आला. वाचकांना ते अंकाच्या किमतीत समजावे, एवढाच या लेखाचा हेतू.

मी अंबड तालुक्यातल्या एका शाळेत चित्रकला शिकवतो. शिक्षण मॅट्रिक, पुढे चित्रकला शिक्षकाची पदविका घेतली आणि खडूच्या भुकटीत वीस वर्षे काढली. दोन कादंबऱ्या नावावर आहेत, त्यांच्या बऱ्याच प्रती प्रकाशकाच्या माळ्यावर सुखरूप आहेत. आमच्यापासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. आम्हां मराठवाड्यातल्या माणसांचा सागर म्हणजे पैठणचा नाथसागर. तो १९७६ साली जायकवाडीच्या धरणामुळे झाला आणि दुष्काळात त्याचाही तळ दिसू लागतो. पण गंमत पाहा. पहिली-दुसरीच्या कोणत्याही मुलाला ‘हवे ते चित्र काढा’ म्हणावे, की ते दोन त्रिकोणी डोंगर काढते, मधून उगवता सूर्य काढते, डोंगरातून नदी आणते आणि त्या नदीत एक शिडाची होडी सोडते. त्याच्या बापाने होडी पाहिलेली नसते, आज्याने पाहिलेली नसते. २०१३च्या दुष्काळात ज्यांच्या दारात टँकर आला, ज्यांच्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या, त्यांची लेकरेही कागदावर होडीच काढत होती. पाण्यावर तरंगत दूर जावे, ही इच्छा काही बंदरातल्या माणसांचीच मक्तेदारी नव्हे.

म्हणून गेल्या दिवाळीत आमच्या घरात जहाजाचा बेत निघाला, तेव्हा मला त्यात वावगे वाटले नाही. आमच्या सौभाग्यवतींची भिशी लागली होती. वीस बायका, महिना अडीच हजार. पन्नास हजार रुपये हातात आले. थोरला मुलगा नऊ वर्षांचा, धाकटी पाचाची. घरात माझी आई आहे, तिचे वय तेव्हा त्र्याहत्तर. जाहिरातीत माणशी भाडे साडेसोळा हजार होते. दोन मोठ्यांचे तेहतीस हजार, मुले मोफत. पन्नासांतून तेहतीस गेले, सतरा उरले. त्या सतरांत आई सहज बसते, असा माझा तोंडी हिशेब. आईने तर देव्हाऱ्यापुढे सुपारी ठेवून टाकली. जांबेच्या यात्रेला आणि एकदा पंढरपूरला, यापलीकडे तिचा प्रवास नाही.

तिकिटे काढून देणाऱ्या गृहस्थांकडे गेलो. माणूस गोड बोलणारा. त्याने विचारले, “मोठी माणसे किती?” मी म्हटले, तीन. त्याने पेन खाली ठेवले आणि मला खोलीचे शास्त्र समजावून सांगितले. जहाजावर भाडे माणसाचे सांगतात, पण आकारतात खोलीचे. खोलीत दोघे जण पूर्ण भाड्याचे, त्यांच्या वरच्या दोन फळ्यांवर तिसरा आणि चौथा. या फळ्यांवर मुले झोपली तर त्यांचे भाडे माफ. आमची चार माणसे झाली, खोली भरली. पाचव्याला दुसरी खोली. आणि दुसऱ्या खोलीत माणूस एकटा असला, तर त्याने रिकाम्या बिछान्याचेही भाडे द्यायचे. म्हणजे आईचे तेहतीस हजार, शिवाय वरचे आकार वेगळे.

मुले मोफत, आजी दुप्पट! वाचकहो, हा काही त्या गृहस्थाचा दुष्टपणा नव्हे, किंवा एखाद्या कंपनीचे खास पाप नव्हे. जगभरच्या विलासी जहाजांचा हा राजरोस धंदा आहे. त्यांच्या गणितात कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि दोन मुले. आपल्याकडे कुटुंब म्हणजे काय, हे त्या गणिताला कोणी सांगितलेलेच नाही. आणि दुःखाची गोष्ट अशी, की सांगण्याची वेळ आली तेव्हा मीही गप्प बसलो. घरी येऊन म्हणालो, “आई, जहाजात फार हलतं म्हणे. तुला सोसायचं नाही.” आई म्हणाली, “बरं बाबा. गाईकडं बघायलाबी कोणीतरी पाहिजेच की.” ती सुपारी देव्हाऱ्यापुढून कधी उचलली गेली, ते मला दिसले नाही.

आता ‘मोफत’ या शब्दाची दुसरी कथा. मुलांचे भाडे माफ. पण बंदराचा आकार माफ नाही. तो चौघांचा नऊ हजार दोनशे. जहाजावरच्या सेवकांची बक्षिसी आपण खुशीने द्यावी अशी माझी समजूत होती. ती आधीच बिलात धरलेली असते, दर माणशी दर रात्री पाचशे. पाच वर्षांच्या मुलीच्या नावानेही पाचशे. दोन रात्रींचे चौघांचे चार हजार झाले. या सगळ्यावर सरकारचा कर आठ हजार तीनशे सोळा. म्हणजे जहाजाच्या शिडीवर पाऊल ठेवण्यापूर्वीच तेहतीस हजारांचे चौपन्न हजार पाचशे सोळा झाले होते. भिशी तिथेच संपली.

पण घर काही बंदरात नाही. देवगिरी एक्स्प्रेसने जालन्याहून मुंबई आणि परत, साध्या शयनयानाचे चौघांचे दोन हजार चारशे ऐंशी. मुंबईत टॅक्सीचे चौदाशे, बाहेरच्या खाण्याचे साडेअकराशे. जहाजावर संध्याकाळी नीटनेटका पोशाख लागतो, असे पत्रकात छापले होते, तेव्हा कपड्यांचे पाच हजार सहाशे. यात माझा एक कोट आहे, तो आता शाळेच्या स्नेहसंमेलनाची वाट पाहत आहे. पोहण्याच्या तलावात साध्या चड्डीवर उतरू देत नाहीत, म्हणून मुलांच्या पोहण्याच्या पोशाखांचे तेराशे. जहाजावर जेवण भाड्यात धरलेले होते हे खरे, आणि ते पोटभर होते हेही खरे. पण सरबत निराळे, मुलांच्या यंत्रांवरच्या खेळांचे निराळे, फोटो काढून हातात ठेवतात त्याचे निराळे. पैसे रोख द्यायचे नसतात, गळ्यातले कार्ड दाखवायचे; त्यामुळे खर्च झाल्याचे दुःख तेव्हा होत नाही, ते शेवटच्या सकाळी एकदम सहा हजार आठशे सत्तर रुपयांचे होते. परतल्यावर धाकटी तापाने फणफणली. रात्रीच्या गाडीपर्यंत तिला ठेवायचे कुठे, म्हणून लॉजच्या खोलीचे अठराशे, डॉक्टर आणि औषधाचे आठशे साठ.

एकूण पंच्याहत्तर हजार नऊशे शहात्तर. पन्नास भिशीचे, नऊ हजार मला कादंबरीच्या मानधनाचे मिळाले होते ते, आणि सतरा हजार शिक्षकांच्या पतसंस्थेतून उचलले. शिल्लक चोवीस रुपये.

आता मला कोणी सांगावे, यांत समुद्राचे किती?

आमची खोली जहाजाच्या पोटात होती. तिला खिडकी नव्हती. स्वस्त खोलीला ती नसते, हे आम्हाला दार उघडल्यावर कळले. धाकटीने बिछान्यावर उड्या मारून झाल्यावर विचारले, “बाबा, समुद्र कुठंय?” मी म्हणालो, “बाहेर.” बाहेर लांबलचक गालिच्याची बोळकांडी होती, उद्वाहक होते, झुंबरे होती, दुकाने होती, जुगाराची मेजे होती, जादूचे प्रयोग होते. वरच्या मजल्यावर जावे तर तिथे कर्ण्यातून गाणी अशी कोसळत होती, की लाटेचा आवाज ऐकणाऱ्याला ऐकू येऊ नये यासाठीच ती लावली असावीत. आणि जहाज जात होते कुठे? कुठेही नाही! आमची सफर दोन रात्रींची. मुंबईहून निघायचे, भर समुद्रात एक दिवस काढायचा, आणि परत मुंबईलाच यायचे. आमच्या जुन्या तेलघाण्याचा बैल दिवसभर चालून जिथे पोचे, तिथेच आम्ही पोचलो. फरक एवढाच, की बैलाला वाटखर्च पडत नसे.

एकदाच समुद्र भेटला. दुसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजता मी थोरल्याला उठवून वर नेले. गाणी बंद होती. एक खलाशी फळ्या धूत होता. अंधार फिकट होत गेला, आणि मग चहूकडे पाणी, फक्त पाणी. किनारा नाही, पक्षी नाही. मुलगा माझा हात धरून अर्धा तास उभा राहिला. चक्क अर्धा तास, बोलला नाही. त्या अर्ध्या तासासाठी मी सतराच काय, सत्तर हजार काढले असते. पण त्या अर्ध्या तासाची किंमत कंपनीने लावलेलीच नव्हती. जे मोफत होते ते एवढेच, आणि जाहिरातीत तेवढेच छापलेले नव्हते.

दुसरी बाजू सांगितली नाही, तर माझ्या घरात मला चहा मिळणार नाही. सौभाग्यवतींचे मत निराळे आहे. त्या म्हणतात, “अहो, लग्नाला बारा वर्षं झाली. दोन दिवस मला कुणी विचारलं नाही, की आज भाजी काय. जेवायला बसले तेव्हा पोळी गरम होती. याचे पैसे धरा की वहीत.” हे मी धरतो. वादात यावर माझ्याजवळ उत्तर नाही. घरातल्या बाईला गरम पोळी मिळण्यासाठी जहाज अरबी समुद्रात न्यावे लागते, ही लाज जहाजाची नाही, माझी आहे.

परतलो त्या दिवशी आई अंगणात गाईला पाणी दाखवत होती. मुलांना जवळ घेऊन तिने एकच प्रश्न विचारला : “काय रं, समिंदराचं पाणी खरंच खारट असतंय का?” मुले माझ्याकडे पाहू लागली. तलावातल्या पाण्याला औषधाचा वास होता, एवढे त्यांना माहीत. धक्क्यापासून जहाजापर्यंत बसने, बसमधून पुलावर, पुलावरून गालिच्यावर. दोन रात्री, एक दिवस आम्ही समुद्रावर होतो आणि समुद्राचा एक थेंब कोणाच्या बोटाला लागला नव्हता. चौपाटीवर नेणार होतो, तो दिवस लॉजच्या खोलीत मुलीच्या कपाळावर पट्ट्या ठेवण्यात गेला. थोरला खाली मान घालून म्हणाला, “आजी, आम्ही हात नाही लावला.”

त्या आठवड्यात मी वर्गाला ‘पाहिलेले दृश्य’ हा विषय दिला. माझ्या मुलाने जहाज काढले. सात मजले, प्रत्येक मजल्यावर पिवळे दिवे, मध्ये उद्वाहक, एका कोपऱ्यात जादूगार. कागद काठोकाठ भरलेला. पाणी कुठेच नव्हते. शेजारच्या बाकावरच्या मुलाने, ज्याचे आईबाप सहा महिने ऊसतोडीला जातात, नेहमीची नदी आणि नेहमीची शिडाची होडी काढली होती. मी चित्रकलेचा शिक्षक आहे. गुण द्यायचे काम माझे. त्या दिवशी मी कोणालाच गुण दिले नाहीत.

हे सारे वाचून आमच्या गावचे एक प्रतिष्ठित गृहस्थ खूश होतील, ते मी होऊ देणार नाही. शिक्षकांच्या खोलीत, पारावर, सगळीकडे त्यांचे एक वाक्य ठरलेले : “अंथरूण पाहून पाय पसरावेत. मास्तरांना कशाला हवं जहाज?” मी विचारतो, का नको? आमच्या जालन्याला ‘सोने का पालना’ म्हणतात. त्या पाळण्यात लग्नाच्या मांडवावर जो खर्च होतो, जेवणावळींच्या ज्या पंगती उठतात, बँड लावून जी वरात निघते, तिथे यांना अंथरूण दिसत नाही. हुंडा देण्यासाठी जमीन विकलेली यांना चालते. मास्तराने लेकरांना समुद्र दाखवायचा म्हटले, की लगेच म्हणी आठवतात! हौस ही श्रीमंतांच्या सातबाऱ्यावर लिहून दिलेली जिन्नस नाही. माझा राग आम्ही गेलो याबद्दल नाही. राग आहे तो या गोष्टीचा, की समुद्र पाहण्याची गरिबाची जी वाट होती ती बंद करून, तीच इच्छा आम्हाला झुंबरे लावून विकली जाते.

होय, वाट होती. मुंबईहून कोकणात आणि गोव्याला जाणाऱ्या आगबोटी ज्यांनी पाहिल्या, ती पिढी अजून पुरती सरलेली नाही. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले आणि पुढे पणजी. गिरणीतला कामगार, त्याची बायको, म्हातारी, तान्हे मूल, फणसाचे पोते, वळकटी, सगळे एकाच डेकवर. म्हातारीला वेगळी खोली घ्यावी लागत नसे, कारण खोलीच नसे. बंदरात बोट खोल पाण्यात उभी राहायची आणि पडावांतून माणसे उतरवायची. तेव्हा समुद्र बोटालाच काय, कमरेपर्यंत लागायचा. पुढे सरकारी मोगल लाइनच्या ‘कोकण शक्ती’ आणि ‘कोकण सेवक’ या बोटींनी हा मार्ग चालवला. शतक संपायच्या आत तोही आटोपला.

मी या बोटींवर हळवे होऊन रडणार नाही. ते काम कोकणातल्या लेखकांनी इतक्या मनापासून केले आहे, की बोटीच्या आठवणी लिहिता लिहिता बोट मागायची राहूनच गेली. डेकवर ओकाऱ्या होत, गर्दी जीवघेणी असे. आणि जीवघेणी हा शब्द मी उगाच वापरत नाही. १७ जुलै १९४७ला मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. आमच्या घनसावंगी तालुक्यातल्या जांबेत जन्मलेल्या समर्थांचे नाव तिला दिलेले होते. आमच्या मातीचा समुद्राशी एवढाच काय तो संबंध, आणि तोही असा. तेव्हा जुनी बोट जशीच्या तशी आणा, असे माझे म्हणणे नाही. आजच्या जहाजावर प्रत्येक माणसामागे जीवरक्षक जाकीट आहे, निघण्यापूर्वी ते कसे बांधायचे याची कवायत होते. आमच्या धाकटीने ती मन लावून केली. ही शिस्त ठेवा, झुंबर काढा. एवढेच मागणे.

हे अशक्य आहे काय? केरळचे जलवाहतूक खाते १९६८पासून आहे. त्याच्या बोटीत आलेप्पीची म्हातारी बाजाराची टोपली घेऊन बसते, आणि हौशी प्रवासीही तिच्याच शेजारी बसतो. लक्षद्वीपच्या माणसांसाठी कोचीहून प्रशासनाची जहाजे जातात, अंदमानला चेन्नईहून आणि कोलकात्याहून गेली. त्यांत नुसत्या फळीवर झोपण्याचा साधा वर्ग ठेवलेला असतो. नॉर्वेत किनाऱ्याने टपाल नेणारी बोट १८९३मध्ये सुरू झाली. तिच्यावर परदेशी पाहुणा हजारो मैलांवरून येऊन चढतो आणि गावकरी दोन बंदरांपुरते तिकीट काढतो. दोघांना एकच कठडा. श्रीमंताला वगळा असे कोणी म्हणत नाही. म्हातारीला वगळू नका, इतकेच.

आणि आपण काय केले? २० सप्टेंबर २०२५ रोजी मुंबई बंदरात नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन झाले. वर्षाला दहा लाख प्रवाशांची सोय, नोंदणीच्या आणि तपासणीच्या ७२ खिडक्या. इमारत देखणी आहे. त्याच महिन्यात मराठवाड्यात अतिवृष्टीने उभी शेते पाण्याखाली गेली होती, हा योगायोग मी बंदरवाल्यांच्या माथी मारत नाही. पण ७२ खिडक्यांत एक, फक्त एक, डेकच्या तिकिटाची असायला काय हरकत होती? महाराष्ट्राचा किनारा ७२० किलोमीटर, असे आम्ही वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिले. नव्या मोजणीत तो ८७७ किलोमीटर भरला. किनारा वाढला, डेकची बोट काही परत आली नाही!

यावर शहाणे लोक दोन आक्षेप घेतात. एक, कोकण रेल्वे १९९८मध्ये पुरी झाली, आता बोट कशाला? गणपतीच्या दिवसांत त्या रेल्वेचे आरक्षण मिळवून दाखवा, मग बोलू. दुसरा आक्षेप, बोट तोट्यात जाईल. जाईल कदाचित. एसटी काय नफ्यासाठी आमच्या वाडीपर्यंत येते? तरी ती येते. मार्च २०२३पासून बायकांना तिच्यात निम्मे तिकीट आहे, आणि त्याआधी २०२२मध्ये पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ती पूर्ण मोफत झाली. म्हणजे जमिनीवर हे सरकार म्हातारीला मोफत नेते, आणि तिचे पाऊल धक्क्यावर पडताच तिला वाऱ्यावर सोडते. समुद्र काय वेगळ्या राज्यात आहे?

बोट येईल तेव्हा येईल. तोवर ज्यांना जहाजाने जायचेच आहे, त्यांनी जावे. माझा शाप नाही. मात्र अंदाजपत्रक माझ्यासारखे करू नये. जाहिरातीतल्या आकड्यावर बोट ठेवून विचारू नका. “आमच्या इतक्या माणसांचे, कर, बंदर आणि बक्षिसी धरून शेवटचा आकडा काय,” असे विचारा आणि तो कागदावर लिहून घ्या. मग त्याच्या निम्म्याने आणखी धरा. हे मी अनुभवावरून सांगतो. दिवाळी, नाताळ आणि लांब सुट्ट्या टाळा. तेव्हा भाडे चढलेले असते. कपड्यांवर खर्चण्यापेक्षा खिडकीची खोली घ्या, लहान मुलांना अंधाऱ्या खोलीत रात्र कळत नाही आणि दिवसही कळत नाही. गळ्यातले कार्ड मुलांच्या गळ्यात घालू नका. पहाटे उठा. आणि ते ‘सुलभ मासिक हप्ते’ म्हणून जे समोर ठेवतात, त्यावर कृपा करून सही करू नका. माझे पतसंस्थेचे सतरा हजार पगारातून कापले जात आहेत, ते निदान आमच्याच मास्तर मंडळींचे आहेत. पण माझ्या ओळखीत एक जोडपे असे आहे, की दोन रात्रींची सफर त्यांनी अठरा हप्त्यांवर केली. फोटो फिके पडू लागले, हप्ता ताजा आहे. आजारपणाला कर्ज काढावे, विहिरीला काढावे, मुलीच्या शिक्षणाला खुशाल काढावे. जी लाट आली आणि गेली, तिच्यावर व्याज देत बसू नये.

आणि घरात कोणी म्हातारे माणूस असेल, तर पहिला प्रश्न त्याचा विचारा. त्याला वगळून आकडा जमत असेल, तर तो आकडा जमलेला नाही. मी ते गणित चुकलो, आणि ती चूक वहीत कुठल्याही रकान्यात दिसत नाही.

चूक दुरुस्त करायला मी या दसऱ्याला आईजवळ विषय काढला. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला लाँच जाते. ‘रामदास’ ज्या रेवसला पोचली नाही, तिथेच. मार्च २०२०पासून मांडव्याला मोठी रो-रो बोटही जाते, मोटारी पोटात घेऊन. तासाभराचा समुद्र, तोही उघडा, वारा तोंडावर घेणारा. १८ डिसेंबर २०२४ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या बोटीला अपघात होऊन माणसे गेली, ते मी विसरलेलो नाही. जाकीट अंगात घातल्याशिवाय आईला बसू देणार नाही. पलीकडे उतरलो की किनारा आहेच. तिथे वाकायचे आणि पाणी जिभेला लावायचे. हा बेत मी मोठ्या उत्साहाने सांगितला, म्हटले, “परीक्षा व्हायच्या आत, पुढच्याच महिन्यात जाऊ.”

आई म्हणाली, “पुढच्या महिन्यात नगं. एक जानेवारी होऊ दे.”

आमच्या गावातल्या बहुतेक म्हाताऱ्यांप्रमाणे आधार कार्डावर आईचाही जन्म एक जानेवारीला झालेला आहे. त्या दिवशी तिला पंचाहत्तर पुरी होतात आणि मुंबईपर्यंतची एसटी मोफत होते. लाँचच्या तिकिटाचे पैसे तिने बटव्यात वेगळे बांधून ठेवले आहेत. मी देऊ केले, ते घेतले नाहीत. थोरला नातू तिच्याबरोबर येणार, हे दोघांचे परस्पर ठरले आहे. त्याचे तिकीटही तिच्याच बटव्यातून.